स्लॅबवरचा पत्रा हाही ट्रेंडच आहे, त्यावर पण लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमची घरांवरची पुरवणी मी नेमाने वाचतो. हल्ली त्यात 'घरबांधणीतले नवे ट्रेंड' म्हणून जे येतंय त्यात मोबाईलवरून बंद होणारे पडदे, डबल हाईटचा हॉल, बाल्कनीत व्हर्टिकल गार्डन असलंच सगळं असतं. असू दे, पुण्या-मुंबईत फ्लॅट घेणाऱ्याला लागत असेल ते. पण मी कोकणात लांज्याकडे घरांचे प्लॅन काढतो, एस्टिमेट देतो, साईटवर उभा राहतो, आणि आमच्याकडे मधल्या काळात घर बांधायची एक आख्खी नवीन पद्धत तयार झालीय जिच्यावर तुमच्याकडे एक ओळ आलेली मला आठवत नाही. मुंबई-गोवा हायवेने पनवेल सोडून खाली या आणि दोन्ही बाजूला बघत या. खाली आरसीसी स्लॅबचं घर, आणि स्लॅबच्या वर लोखंडी पाईपांच्या सांगाड्यावर लाल नाहीतर निळा कलर कोटेड पत्रा. एका घरावर दोन छपरं. कुठल्या आर्किटेक्टने ही पद्धत काढलेली नाही, कुठल्या पुस्तकात नाही, पण गावागावात हेच चाललंय.

का, तर स्लॅब गळतो. आता स्लॅब का गळतो ते ऐका, कारण यात खरी गंमत आहे. आमच्याकडे बांधकाम सुरू होतं दिवाळीनंतर, जोता, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं बांधकाम, लिंटल (दारं-खिडक्यांवरची तुळई) करत करत स्लॅबला येईपर्यंत एप्रिल-मे उजाडतो, आणि पावसाच्या आत स्लॅब पडलाच पाहिजे म्हणून सगळ्या गावाची एकदम घाई, सेंट्रिंगवाला (स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा) एकच आणि त्याच्या मागे दहा जण. नेमकं तेव्हाच विहिरीने तळ गाठलेला असतो, वाडीत टँकर येत असतो. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, सांगतं की आपण जे पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरतो त्याच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारा, कडक उन्हात १४ दिवस मारलं तर चांगलं. स्लॅबवर वाफे करून पाणी भरून ठेवायचं असतं, पण जिथे प्यायलाच पाणी विकत घ्यावं लागतंय तिथे कोण वाफे भरणार? सकाळ-संध्याकाळ पाईप फिरवला की झालं क्युरिंग. स्लॅबला केसासारख्या चिरा पडतात, त्यात ढाळ नीट दिलेला नसतो, आणि वर पडणार तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. दोन-तीन पावसाळ्यात छतावर ओलीचे डाग, मग आतली सळई गंजते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात, समुद्राजवळ तर खाऱ्या हवेने अजून लवकर. वॉटरप्रूफिंगवर खर्च होतो, तरी गळतं, आणि मग शेवटी फॅब्रिकेशनवाल्याला फोन जातो की बाबा शेड मारून टाक.

यावर आमच्यातलेच काही जण लगेच म्हणतात, "मग कौलारू घरं का मोडलीत, जुनं ते सोनं." मला हे पटत नाही. एक तर मंगलोरी कौल हे काही कोकणात पहिल्यापासून नव्हतं, बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळुरात १८६५ साली कारखाना काढला तिथून ते गलबतांनी वर आलं, त्याच्या आधी गवती छपरं आणि नळीची कौलं होती. तेव्हा तोही नवीन ट्रेंडच होता. आणि लोकांनी कौलं सोडली ती काही फक्त प्रतिष्ठेसाठी नाही सोडली. माकडं! वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पंधरा-वीस कौलं फुटलीच. पूर्वी मे महिन्यात घरातलीच माणसं वर चढून कौलं परतायची, आता घरात म्हातारी दोघं आणि मुलगा विरारला, कोण चढणार वर? वासे, रिपा, आढं करायला सागवान परवडत नाही आणि सुतार मिळत नाही. हे सगळं खरं आहे, त्यामुळे पडवी-माजघर-वळचण यावर हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी आधी एक जून महिना कौलाखाली बादल्या लावून काढावा.

शहरातली मंडळी इकडे सेकंड होम बांधतात त्यांचं वेगळंच. ते मोडलेल्या घरांची कौलं, खांब, दरवाजे विकत घेतात, चिरा प्लास्टर न करता तसाच ठेवतात, आणि गावातला माणूस तोच चिरा प्लास्टरखाली लपवून वर व्हाईट रंग देतो. चालायचंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की दुसरं छप्पर होणारच असेल तर ते पहिल्या दिवसापासून प्लॅनमध्ये का नाही? आत्ता मालक दोनदा पैसे घालवतो. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३०० किलोच्या वर वजन, मंगलोरी कौलांचं छप्पर रिपांसकट धरलं तरी साधारण ६५ किलो. म्हणजे कॉलम, फुटिंग (कॉलमखालचा पाया), सळई सगळं त्या वजनासाठी वाढवायचं, आणि ज्या कामासाठी ते केलं, पाऊस अडवायचा, ते काम शेवटी एक पातळ पत्राच करतो! आणि तो पत्रा कसा बसवतात ते पण बघा. तयार स्लॅबवर ड्रिल मारून बेसप्लेट (खांबाखालची लोखंडी प्लेट), तिला जेमतेम बोल्ट, कधी नुसतं गच्चीच्या कठड्यातल्या सळईला वेल्डिंग. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मंडणगड-दापोलीकडे काय काय उडालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. स्लॅब ओततानाच कॉलमच्या सळ्या वर सोडल्या, अँकर बोल्ट काँक्रीटमध्ये बसवले तर खर्च किती वाढतो? घराच्या एकूण खर्चात तो दिसणार पण नाही. पत्रा भिंतीच्या बाहेर तीन फूट काढा म्हणजे नैऋत्येचा पाऊस भिंतीला झोडपणार नाही, आत ओल येणार नाही, शेवाळ धरणार नाही. मध्ये वारा खेळायला जागा सोडा, तापलेल्या पत्र्याची धग खाली उतरत नाही. लोकांनी त्या मधल्या जागेचा उपयोग तर कधीच शोधलाय, भात वाळत घालतात, लाकडं ठेवतात, पावसात कपडे तिथेच, गणपतीला मुंबईची वीस माणसं आली की गाद्या तिथेच पडतात. जुन्या घराचा माळाच तो, फक्त प्लॅनवर त्याला नाव नाही आणि जिना धड नाही.

दुसरा रस्ता पण आहे. स्लॅब फक्त मधल्या दोन खोल्यांवर घ्या, बाकी घराला लोखंडी पाईपचा उतरता सांगाडा, त्यावर पत्रा आणि त्याच्यावर कौलं. कौल फुटलं तरी खाली पत्रा आहे, माकडांनी नाचावं खुशाल. रिसॉर्टवाले हे सर्रास करतात. केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी फिलर स्लॅब वापरात आणला, स्लॅबच्या खालच्या भागात जिथे काँक्रीटचा फारसा उपयोग नसतो तिथे जुनी कौलं घालायची, सिमेंट वाचतं आणि वजन कमी होतं. आपल्याकडे पाऊसही तसाच, जांभाही तोच, मग आमच्या गवंड्यांना हे कोणी शिकवायचं? सरकारी घरकुल योजनेच्या अनुदानावर बांधणारा माणूस तर एकदाच बांधू शकतो, त्याला वरचा पत्रा नंतर परवडतच नाही, तो गळक्या स्लॅबखालीच राहतो.

तर पुरवणीत अशा घरांचे दोन-चार प्लॅन छापा, मापं, पाईपचे साईज, बोल्टची डिटेल्स सगळं देऊन. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातली सिव्हिलची मुलं-शिक्षक मिळून असं सदर चालवू शकतील, त्यांना विचारून बघा. फक्त छापायचं असेल तर गणपतीच्या आधी छापा, कारण आमच्याकडे भाऊ-भाऊ एकत्र येऊन घर बांधायचं ठरतं ते त्याच दिवसांत, आणि दिवाळी झाली की जोत्याची चर खणायला सुरुवात होते, मग कोणी ऐकत नाही.

— तुमचा एक वाचक, ता. लांजा, जि. रत्नागिरी