गुडघ्याची गोळी आणि दमा

महोदय,

पावसाळ्यात भिंतींना धरणारी ओल, बुरशी आणि त्यामुळे बळावणारा दमा यांविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. लेख उपयुक्त आहे. मात्र दम्याची चर्चा धूळ, धूर आणि बुरशी यांच्यापाशीच थांबली की शरीराच्या आतली एक बाब सुटून जाते, आणि ती मी स्वतः भोगली आहे.

गेल्या श्रावणात गुडघा धरला म्हणून परळला आमच्या नाक्यावरच्या दुकानातून मी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची गोळी आणली. तासाभरात नाक गळू लागले आणि छातीतून पेटीच्या फुटक्या भात्यासारखा आवाज येऊ लागला. चाळीचे तीन जिने मुलाने मला जवळजवळ उचलूनच उतरवले.

घडले ते असे. पेशींच्या आवरणातून सुटणाऱ्या अ‍ॅरॅकिडोनिक आम्लापासून ५-लायपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) ल्युकोट्राइन ही रसायने घडवून आणते, ज्यांच्यामुळे श्वासनलिका आवळतात, सुजतात आणि कफ साचतो; याच आम्लापासून सायक्लोऑक्सिजनेज हे दुसरे विकर प्रोस्टाग्लँडिने बनवते आणि त्यांपैकी ई-२ हे पहिल्या विकराला आवरून धरते. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे हे दुसरे विकर रोखतात; अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांचे हे काम ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. दुखणे थांबते खरे, पण काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेतला ई-२चा लगामही त्याच गोळीने सुटतो.

सगळ्याच दमेकऱ्यांना हा त्रास होत नाही. ज्यांचा दमा मोठेपणी सुरू झाला, नाकात मांस वाढले आणि वास येईनासा झाला, त्यांनी विशेष जपावे. या प्रकारात नेहमीच्या अ‍ॅलर्जीमागे असणाऱ्या आयजीई प्रतिपिंडांचा हात नसल्याने त्वचेवरच्या अ‍ॅलर्जी चाचणीत तो सापडत नाही. माझी चाचणी झाली होती आणि तिच्या भरवशावरच मी निर्धास्त होते.

औषध विक्रेत्याने ‘दमा आहे का?’ एवढे विचारायला किती वेळ लागतो? संयुक्त गोळ्यांची गत तर आणखी वाईट. पॅरासिटामॉल बहुतेकांना सोसते, म्हणून ते नाव वाचून माणूस गोळी घेतो आणि शेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक हे अ‍ॅस्पिरिनच्याच जातीचे औषध नजरेतून निसटते. वेदनाशामकांच्या पाकिटावर दमेकऱ्यांसाठीची सूचना ठळक मराठीत छापावी, अशी मागणी आपल्या दैनिकाने अन्न व औषध प्रशासनाकडे लावून धरावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई