आपल्या एरियातले बँड, त्यांची नावं तरी छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मोठ्या कॉन्सर्टच्या बातम्या तुमच्या पेपरात रोज असतात, तिकीट किती हजारांना गेलं, ट्रॅफिक कुठपर्यंत तुंबलं वगैरे, ते ठीकच आहे. पण परवाच्या शनिवारी बोरिवली पश्चिमेला आमच्या इथल्या मैदानात जो म्युझिक फेस्टिव्हल झाला त्याची एक ओळसुद्धा कुठे दिसली नाही म्हणून हे पत्र. फ्री एंट्री, पुढे सतरंज्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि वाजवणारे सगळे आसपासचेच, दहिसर, कांदिवली, गोराई इथले. खूप म्हणजे खूपच मजा आली.

सुरुवातीला कॉलेजच्या पोरांचा बँड होता, गाणी सगळी स्वतःची आणि मराठीत, लोकलच्या गर्दीवर एक, पावसात तुंबलेल्या सबवेवर एक. आवाज जरा दबलेला येत होता पण दुसऱ्या गाण्यानंतर साउंडवाल्याने गिटार थोडी खाली घेतली आणि एकदम शब्द न् शब्द कळायला लागला. मग आली बेंजो पार्टी, आणि तिथे मी चक्क उठून स्टेजच्या कडेला जाऊन उभी राहिले. मिरवणुकीत टेम्पोवर बसलेला बेंजोवाला आपण सगळ्यांनी बघितलाय, पण त्याचे हात कधी बघितलेत का? डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या पिकने तारा छेडायच्या, आणि तेही इतक्या स्पीडमध्ये की बोटं दिसतच नाहीत, बटणांवरचा रंग मधल्या भागात पार उडालेला, एकाला काळी टेप गुंडाळलेली. हे वाद्य मूळ जपानचं, तिकडे त्याला तैशोगोतो म्हणतात, आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं आणि मुंबईच्या गल्लीत आल्यावर त्याला पिकअप (तारांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा इलेक्ट्रिक भाग) लागला आणि त्याचा बेंजो झाला. बाजूला ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर, एक मुलगा दोन काठ्यांनी संबळ, ताशा, ढोलकी सगळं काढत होता. कोळीगीत सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारच्या आजी खुर्चीतून उठल्या त्या परत बसल्याच नाहीत.

शेवटी गावठाणातला ब्रास बँड, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि मोठा ड्रम. ही माणसं आपण लग्नात बोलावतो, पण वरातीत आपण त्यांच्या पुढे नाचतो, पाठ त्यांच्याकडे असते, ऐकत कोणीच नसतं. इथे पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसून ऐकलं. सॅक्सवाल्या काकांनी एक संथ गाणं इतकं मनापासून वाजवलं ना, मागे भेळवालासुद्धा हातातलं काम थांबवून ऐकत होता.

आता मुद्द्याचं. उघड्यावर संगीत म्हटलं की लगेच आवाजाची तक्रार होते, आणि ती चुकीची नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर स्पीकर बंद ठेवायचे आणि शाळा, हॉस्पिटल, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरचा शांतता क्षेत्राचा नियम आहे. धोबी तलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह याच कारणाने थंड पडलं, जिथे १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा फेस्टिव्हल सुरू झाला आणि मुंबईच्या कितीतरी बँडना पहिल्यांदा मोठं पब्लिक मिळालं. त्याचं वाईट वाटतं, पण पेशंटची झोप आधी. आमच्याकडे साडेपाचला सुरू करून पावणेदहाला सगळं बंद झालं, कोणालाच काही त्रास झाला नाही. दक्षिण मुंबईतला काळा घोडा फेस्टिव्हल १९९९ पासून चालू आहे, छानच असतो, पण बोरिवलीहून तिथे जाऊन परत यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो आणि घरात म्हातारं माणूस असलं की तेही जमत नाही. महापालिकेची मैदानं, उद्यानं तर प्रत्येक वॉर्डात आहेत. कूपरेजच्या बागेत बँडस्टँड आहे तसा साधा ओटा उपनगरातल्या बागेत बांधून महिन्यातून एक संध्याकाळ लोकल बँडना दिली तर किती चांगलं होईल, फक्त जागा शांतता क्षेत्राबाहेरची बघा आणि परवानगीसाठी पोरांना चार ठिकाणी फिरवू नका.

एका गोष्टीचा मात्र मनापासून राग आला. मैदानाच्या गेटवर एवढं मोठं बॅनर, त्यावर शुभेच्छुकांचे फोटोच फोटो, आणि बँडची नावं कुठेच नाहीत! निवेदकाने घाईत एकदा घेतली ती टाळ्यांत ऐकूच आली नाहीत. बेंजो वाजवणाऱ्याचं नाव मला शेवटी स्टेजच्या मागे जाऊन विचारावं लागलं. आयोजकांनी पुढच्या वेळी बॅनरवर बँडचं नाव, वाजवणाऱ्यांची नावं आणि वेळ एवढं तरी मोठ्या अक्षरात टाकावं, मानधनही द्यावं, आणि तुम्ही तुमचा एखादा वार्ताहर पाठवा.

आपली,
एक नियमित वाचक, बोरिवली (प.)