बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग झालं, असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैशाख लागला की आमच्याकडे घराची कामं निघतात. गणपतीला चाकरमानी येणार, म्हणून मागीलदारी चिऱ्याचं नवं न्हाणीघर, त्यात गीझर आणि थेट विहिरीवरून आलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप. शेजारी यंदा असंच न्हाणीघर झालं आणि आठ दिवसांत वहिनी सांगत आल्या, "भावजी, नळ चावतो." म्हणजे हात लावला की झटका बसतो. वायरमन आला. होल्डरची एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब पेटला. "अर्थिंग फर्स्टक्लास," म्हणून चहा घेऊन तो गेला. नळ चावतच राहिला.

आयटीआयमध्ये तारतंत्री शिकवण्यात माझी नोकरी गेली. जुना अर्थ टेस्टर घरी आहे, तो घेऊन गेलो. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध, म्हणजे विजेला जमिनीत जाताना होणारा अडथळा, निघाला 140 ओहम.

शंभर वॅटच्या बल्बचा स्वतःचाच रोध पाचशे ओहमच्या वर असतो. त्यात हे 140 मिळवले तर तो जरा मंद पेटतो, इतकंच. हल्ली नऊ वॅटचा एलईडी लावून बघतात. तो याहून कितीतरी वाईट अर्थिंगवरही लख्ख पेटेल. पण उद्या गीझरमध्ये फेज पत्र्याला टेकला, तर 230 व्होल्टला या खड्ड्यातून फार तर दीड-पावणेदोन अँपिअर जाणार. 16 अँपिअरचा एमसीबी (फ्यूजच्या जागी असतो तो, जादा प्रवाह गेला की पडणारा स्विच) त्याची दखलही घेत नाही. गीझरची टाकी आणि तिला जोडलेला नळ जवळजवळ पूर्ण व्होल्टेजने जिवंत राहतात, आणि खाली ओल्या लादीवर माणूस उभा.

आणखी एक गंमत. घरात आरसीसीबी (वीज जमिनीत गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असता तर तो बल्ब लावताक्षणी पडला असता. म्हणजे बल्ब शांतपणे पेटत राहिला, यावरून एकच गोष्ट सिद्ध झाली: आरसीसीबी नाही.

दोष सगळा वायरमनचा म्हणवत नाही. जांभा पाणी धरत नाही. एप्रिल-मेमध्ये त्याला ओल म्हणून राहत नाही. खड्ड्यात कोळसा-मीठ भरायची पद्धत आहे, पण आपल्या पावसात ते मीठ टिकत नाही, आणि असेपर्यंत पाइपला खातं. याच खड्ड्याचा रोध श्रावणात मोजला तर आकडा छान खाली आलेला दिसेल. म्हणून मोजायचं तर आत्ता, सुक्यात.

आता नळ का चावत होता ते. गीझरच्या एलिमेंटमधून थोडी गळती होती. पाव अँपिअर धरली तरी 140 ओहमवर 35 व्होल्ट होतात, आणि तेवढे गरम पाण्याच्या नळावर आले होते. थंड पाण्याचा नळ विहिरीवरच्या पाइपाचा. तो पाइप पाण्यात बुडालेला, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यापेक्षा कितीतरी चांगला जमिनीला लागलेला. बादलीत पाणी विसणायला वहिनींचा एक हात या नळावर, दुसरा त्या नळावर. मधला वीजमार्ग त्या स्वतः! यावर उपाय म्हणजे बाँडिंग: विहिरीचा पाइप न्हाणीघरात शिरतो तिथे क्लँप बसवून सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची हिरवी वायर अर्थिंगच्या पट्टीला नेणे. मग दोन्ही नळ एकाच व्होल्टेजला येतात. (पाइप मुळापासून पीव्हीसीचा असेल आणि पितळी नळ तेवढा धातूचा, तर या क्लँपची गरज नाही.) पण निव्वळ पाइपालाच अर्थिंग समजू नये. प्लंबर मधला तुकडा काढून पीव्हीसी घालतो, अर्थिंग तिथेच संपतं, आणि कुणाला पत्ता लागत नाही.

अर्थिंगची वायर न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या तारेला) जोडून देणारेही आहेत. त्यांनी 2020चं निसर्ग आणि 2021चं तौक्ते आठवावं. वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली आणि फेज शाबूत राहिला, तर घरातला प्रत्येक लोखंडी पत्रा एकदम जिवंत होतो.

गोठ्यालाही हेच लागू. आपल्याला जाणवत नाही तेवढा व्होल्टेज गाईला कळतो. नळाखालच्या लोखंडी टबाला तोंड लावताना जनावर बिचकत असेल, तर दृष्ट काढायच्या आधी व्होल्टमीटर लावून बघावा.

जांभ्यात रोध दोन-पाच ओहमवर आणायच्या मागे लागण्यात अर्थ नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र हवाच. तो दीड-दोन हजारांत येतो आणि 140 ओहमवरही काम करतो. पावसात सारखा पडतो म्हणून बायपास केलेले मी पाहिले आहेत. अहो, तो पडतो कारण कुठेतरी गळतं आहे! त्याचं टेस्ट बटण महिन्याला दाबावं. खाऱ्या हवेत आतली यंत्रणा अडकते.

नव्या कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट लागतो. न्हाणीघर, गोठा, मांगर ही मागाहून ओढलेल्या वायरीवर चालतात, तिथे कुणी विचारत नाही. ग्रामपंचायतींनी एक अर्थ टेस्टर घ्यावा आणि दर मेमध्ये वाडीवाडीत फिरवावा. प्रत्येक घराचा आकडा, महिन्यासकट, मेन बोर्डावर खडूने लिहिला तरी पुरे.

वहिनींचं एलिमेंट बदललं, आरसीसीबी आणि क्लँपही बसला. तांबं आणि जीआय एकत्र आले की सांधा गंजतो, त्यात समुद्र हाकेवर, म्हणून क्लँपला ग्रीस फासलं आहे. दिवाळीत पुन्हा उघडून बघणार आहे.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी