स्टेजआधीचा हिशेब

दांडिया बाजार, बडोदे

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

१६ आठवड्यांनी होणाऱ्या शरीरसौष्ठव स्पर्धेचा फॉर्म भरतोस म्हणून लिहिलंस. तो भरू नकोस, त्यानंतरच्या स्पर्धेचा भर. हिशेब बघ. तुझं वजन ८२ किलो, चरबी अंदाजे २० टक्के, म्हणजे चरबी सोडून साडेपासष्ट किलो अंग. डाएटमध्ये त्यातलेही दोनेक किलो जातात. ६ टक्के चरबीवर उभं राहायचं तर स्टेजवर तू ६८ किलोच्या आसपास असशील. उतरवायचे १४ किलो, आठवड्याला अर्धा किलो या वेगानं. त्याहून फार घाई केलीस तर चरबीबरोबर खांदे आणि मांड्याही उतरतील. म्हणजे २८ आठवडे, आजारपण आणि परीक्षा धरून ३०. घाईत उतरलेल्याची कंबरेवरची आणि मांडीच्या मागची चरबी तशीच राहते, कारण ती सर्वांत शेवटी जाते. पाठ फिरवली की पंचांची नजर आधी तिथेच जाते.

ऑस्ट्रियाचा अर्नोल्ड श्वार्झनेगर १९६८ मध्ये अमेरिकेत पोहोचला आणि मायामीतल्या पहिल्याच स्पर्धेत फ्रँक झेनकडून हरला. झेन त्याच्यापेक्षा कितीतरी हलका होता, पण कट्स, म्हणजे स्नायूंमधल्या ठळक रेषा, त्याचे होते. पुढे अर्नोल्ड आणि सार्डिनियाचा फ्रँको कोलंबू यांनी गवंडीकामाचा धंदा केला आणि सराव चालू ठेवला. आपले मनोहर आइच ब्रिटिश रेल्वेत नोकरी करत लंडनला राहिले आणि १९५२ मध्ये आपल्या उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले. त्यांची उंची जेमतेम ४ फूट ११ इंच. तुझ्याही डोक्यावर कॉलेज आणि गोदामातली पाळी आहे, ती सांभाळूनच हे होणार. कॅनडात कॉलेज चालू असताना तुला आठवड्याला बाहेर २४ तासच काम करता येतं. खुराकाच्या खर्चासाठी त्यापलीकडे रोखीनं काम करू नकोस.

स्पर्धेतल्या प्रकारांपैकी क्लासिक फिजिक निवड, त्यात मांड्याही दिसतात. मेन्स फिजिकमध्ये मांड्या चड्डीखाली झाकल्या जातात, आणि तुझ्या मांड्या बैठकांवर तयार झालेल्या आहेत. मल्लखांबानं पाठही रुंद दिली आहे. क्लासिकमध्ये उंचीनुसार वजनाची मर्यादा असते, ती त्या वर्षीच्या नियमांत बघून घे. तुला ती आत्ताच अडवणार नाही.

आता खाणं. दिवसाला १६० ग्रॅम प्रोटीन लागेल, आणि तू अंडी खातोस पण मांस नाही. डाळीच्या भरवशावर राहू नकोस. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत प्रोटीन २२ ग्रॅम, पण कर्बोदकं ६० ग्रॅमच्या घरात. ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून २६ ग्रॅम, व्हे, म्हणजे दुधाच्या प्रोटीनची पावडर, तिच्या डब्यातल्या दोन मापांतून ४८, ४०० ग्रॅम बिनचरबीच्या ग्रीक दह्यातून ४०, सहा अंड्यांच्या पांढऱ्यातून २१, ६० ग्रॅम डाळीतून १३, उरलेलं पोळी-भातातून. सोयावड्या उकळून दोनदा घट्ट पिळ, नाहीतर पोट फुगतं. तेल मोजून घाल. एक मोठा चमचा १२० कॅलरींचा असतो, आणि डाएट बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. वजन रोज सकाळी घे, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. रात्रपाळीनंतर किंवा फ्रोजन पराठ्यातल्या मिठानं काटा एका दिवसात किलोभर चढतो. ते पाणी असतं, त्यावर जेवण कापू नकोस. सरासरी दोन आठवडे हललीच नाही, तर मगच २०० कॅलरी कमी कर. गोदामात तुझी पावलं होतात, तेव्हा वेगळा कार्डिओ लगेच वाढवू नकोस.

पोझिंग रोज २० मिनिटं, आजपासून. डबल बायसेप (दोन्ही दंड) पुढून आणि मागून, साइड चेस्ट (बाजूनं छाती), ॲब्ज-थाय (पोट आणि मांडी) आणि आवडीची एक क्लासिक पोझ. प्रत्येक ३० सेकंद धरून ठेव, श्वास चालू ठेवून. मागच्या डबल बायसेपला एक पाय मागे टेकवून पोटरी आवळायची असते. नवखे दंडांच्या नादात ती विसरतात. आरशात बघून केलेली पोझ स्टेजवर सापडत नाही, म्हणून फोनवर चित्रित कर.

शेवटच्या आठवड्यात तुला सगळे पाणी तोडायला सांगतील. तोडू नकोस. स्नायूचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो, आणि त्यात साठलेलं प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन (साठवणीतली साखर) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पाणी तोडलं की स्नायू सपाट दिसतात आणि पोझमध्ये पेटके येतात. मीठ रोजच्याइतकंच ठेव. आधीचे दोन दिवस भात आणि बटाटा वाढव, राजमा-छोले बंद. पाणी उतरवायला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या कोणी दिल्या तर सरळ नाही म्हण. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा शरीरसौष्ठवपटू स्पर्धेनंतर काही तासांतच गेला, तो याच मार्गानं.

स्टिरॉइडबद्दलही स्पष्ट सांगतो. कॅनडात ती नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहेत, परवान्याशिवाय बाहेरून मागवणं आणि विकणं गुन्हा आहे. तुझ्यासारख्या स्टडी परमिटवर राहणाऱ्यावर असा गुन्हा शाबीत झाला तर देश सोडावा लागू शकतो. इथून येणाऱ्याकडूनही पावडर-गोळ्या मागवू नकोस, लेबलवर नसलेलं त्यांत निघतं. तू उत्तेजक चाचणी असलेल्या स्पर्धेतच उतरावंस, ही माझी आणि आईची दोघांची इच्छा आहे. अंग सावकाश बनेल, आम्हाला चालेल.

टॅनचं, म्हणजे स्टेजसाठी अंगाला लावायच्या गडद रंगाचं, काम लहान आहे, पण फसतं. आपला गव्हाळ रंग दिव्यांखाली फिका पडतो, दोन-तीन हात लावावेच लागतात. केस दोन दिवस आधी काढ. टॅनच्या दिवशी डिओ किंवा क्रीम नको, हिरवट चट्टे पडतात. खोलीत स्वतःची गडद चादर ने, पांढऱ्या चादरीचे पैसे हॉटेल तुझ्याकडून घेईल.

डाएट सुरू करण्याआधी रक्त तपासून घे: क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिव्हर, फेरिटिन (लोहाचा साठा), टेस्टोस्टेरॉन आणि ड जीवनसत्त्व. तिथल्या हिवाळ्यात आपल्या कातडीला ऊन पुरत नाही. रिपोर्ट आणि पुढून, बाजूनं, मागून असे एकाच उजेडातले तीन फोटो रविवारी पाठव. कॅलरींचा आकडा ते बघून ठरवू.

तुझे बाबा