हिसक्यात दुखापत धरायची की नाही?

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात तळजाईवरून फिरून येताना सहकारनगरात आमच्या वहिनींचे मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी खेचले. पहिल्या झटक्यात ते तुटले नाही म्हणून मागे बसलेल्याने दुसरा हिसका दिला. वाट्या रस्त्यावर पडल्या, साखळी गेली. मानेवर बोटभर लाल वळ उठला. घरी येऊन वहिनींनी आधी त्यावर हळद लावली, मग आम्ही चौकीत गेलो.

फिर्याद विनातक्रार घेतली गेली. कलम लागले भारतीय न्याय संहितेचे ३०४. न्यायालयात ३१ वर्षे कारकुनी केल्यामुळे क्षणभर दचकलोच. आमच्या पिढीला ३०४ म्हटले की जुन्या दंड संहितेतला सदोष मनुष्यवध आठवतो. १ जुलै २०२४ पासून मात्र तो आकडा हिसकावून केलेल्या चोरीचा आहे आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पूर्वी असे गुन्हे बहुधा दंड संहितेच्या ३९२ खाली, जबरी चोरी म्हणजे दुखापत करून किंवा तिची भीती घालून केलेली चोरी म्हणून नोंदले जात. ती जबरी चोरी आता ३०९(४) मध्ये आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत. चोरताना दुखापत केली असेल तर ३०९(६) लागून प्रकरण थेट जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

मग वहिनींच्या मानेवरचा वळ कुठे बसवायचा? संहितेत शारीरिक वेदना दिली तरी ती दुखापतच, रक्त यायलाच हवे असे नाही. 'मला दुखवायचे नव्हते, फक्त साखळी हवी होती' हा बचावही फारसा टिकत नाही, कारण होणारा परिणाम आधीच कळत असेल तर कृत्य इच्छापूर्वक धरले जाते. गळ्यातली साखळी ओढली की दुखते, हे शेंबडे पोरही सांगेल. या हिशेबाने गळ्यातला जवळजवळ प्रत्येक हिसका जबरी चोरी ठरतो.

पण ३०४ च्या व्याख्येतच 'अचानक, झटकन किंवा बळजबरीने' अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे थोडे बळ वापरले तरी गुन्हा हिसकावण्याचाच राहावा, असे कायदा करणाऱ्यांच्या मनात असणार. कायद्यातला कोणताही शब्द वाया गेला असे मानायचे नाही आणि फौजदारी कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा घ्यायचा, हे दोन्ही जुने दंडक ३०४ कडेच ओढतात. मला स्वतःला हातातला मोबाइल पळवला तर ३०४ आणि अंगावर वळ उठला तर ३०९, ही रेघ पटते. ती चुकीची असेलही. पण कुठेतरी रेघ हवी.

कारण फरक शिक्षेपुरता नाही. कमाल शिक्षा ७ वर्षांपर्यंत असलेल्या गुन्ह्यात अटकेऐवजी नोटीस देऊन काम भागवता येते. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, १७३(३) प्रमाणे ३ वर्षे किंवा अधिक, पण ७ पेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ३०४ या दोन्हींत बसते, ३०९ बसत नाही. चौदा दिवसांत सोने वितळून लगड झालेली असते.

आमच्या प्रकरणात हे सगळे हळदीवर ठरले. वैद्यकीय तपासणी झाली नाही, म्हणून दुखापत कागदावर आली नाही. अंमलदाराचा दोष म्हणावा तर ३०४ आणि ३०९ यांतून कसे निवडायचे हे त्याला तरी कोण सांगणार? उच्च न्यायालयाचा स्पष्ट निर्वाळा मिळेपर्यंत वरिष्ठांनी निदान एक परिपत्रक काढावे: अंगावरचा दागिना खेचला असेल तर फिर्यादीची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी आणि अहवाल पाहून गरज असल्यास कलमवाढ करावी.

फिर्यादीची मोफत मिळालेली प्रत मी दोनदा वाचली. साखळीचे वजन, घडण, मोटारसायकलचा रंग, हेल्मेट होते की नव्हते, सगळे आहे. दुखले का, हे विचारलेलेच नाही.

— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सहकारनगर, पुणे