चिखलदऱ्याच्या फेऱ्यात आधी उताराची तयारी हवी

संपादक महोदय,

पावसाळा सरला की दर रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे सायकली निघू लागतात. अमरावती-अकोल्याहून गिअरच्या सायकली येतात, आणि अचलपूर-चांदूर बाजारकडची पोरं घरची साधी सायकल घेऊनही निघतात. काही जण पुढे मनाली-लेह करायचं म्हणून इथे सराव करतात. हे सगळं मनापासून आवडावं असंच आहे. मात्र तयारी होते ती चढाची. दम किती, मांड्यांत जोर किती, किती वाजता वर पोचायचं, याच गोष्टी बोलल्या जातात. "चढलो नं बे, आता उतारच तं हाय," हे वाक्य वरच्या चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं. ट्यूब फुटते, ब्रेक सुटतो, माणूस खरचटून निघतो, ते बहुतेक या वाक्यानंतरच. आम्ही या रस्त्यावर सायकल चालवणारे आणि सायकली दुरुस्त करणारे लोक आहोत. म्हणून दोन गोष्टी सविस्तर लिहितो.

परतवाडा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा अकराशेच्या आसपास, म्हणजे चढ साधारण ७०० मीटरचा. धामणगाव गढीपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आहे, खरा घाट तिथून पुढे. माणूस, सायकल, पाणी, सामान मिळून ८५ किलो धरले, तर ही उंची गाठायला शरीराला सुमारे ५८० किलोज्यूल काम करावं लागतं. उतरताना हे सगळं काम परत निघतं. त्यातलं काही हवा खाते, थोडं टायर खातात, उरलेलं ब्रेकच्या रबरात आणि रिमच्या पट्टीवर उष्णता होऊन बसतं. सहा टक्के उतारावर ताशी २० किलोमीटरने, ब्रेक सारखा दाबून उतरलं, तर ब्रेकवर दोनशे वॉटच्या आसपास उष्णता सतत तयार होते, म्हणजे साठ वॉटचे तीन जुने बल्ब लावल्यासारखी. ती दहा-पंधरा मिनिटं चालू राहिली की रिमला हात लावता येत नाही.

भिऊन हळू उतरणाऱ्याचीच ट्यूब जास्त फुटते, त्याचं कारण हे. सरळ पट्ट्यात सायकल थोडी मोकळी सोडली तर हवेचा रेटा बरंच काम करतो आणि रिमला थंड व्हायला वेळ मिळतो. वळण येण्याआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक जोरात पण एकसारखे दाबायचे, वेग हवा तेवढा उतरवायचा आणि वळणात सोडून द्यायचे. वळणात सायकल कलती असताना पुढचा ब्रेक आवळला की चाक घसरतं. पुढचा ब्रेकच मुख्य, कारण थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर घाट उतरणारे चाक घासत नेतात, टायर एका जागी झिजतो आणि थांबायला दुप्पट जागा लागते. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. बाहेरून आणलेल्या काही सायकलींवर उलट असतो. दुसऱ्याची सायकल घेऊन निघालात तर हे सपाटीवरच पाहून घ्या.

आता ब्रेकचे रबर. रिमच्या पट्टीवर ते अगदी मधोमध बसले पाहिजेत. वर सरकलेले रबर टायरची कड कापतात, खाली सरकलेले रिमखाली जाऊन स्पोकमध्ये अडकतात. दोन्ही दोष सपाटीवर महिनोन्‌महिने दिसत नाहीत आणि घाटात पाच मिनिटांत दिसतात. रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर बदलायचे. न बुजलेल्या रबरालाही नखाने खरवडून पाहा, रिमचे चंदेरी कण रुतलेले असतात. ते सुईने काढले नाहीत तर रिम कानशीने घासल्यासारखी झिजते. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबल्यावर तो आणि हँडल यांच्यात दोन बोटं जागा राहिली पाहिजे. वायर बहुधा दांड्याच्या टोकाशी, गोळीजवळ, आत तुटायला लागते. बाहेरून ती चांगली दिसते. दांडा दाबून धरून तिथे बॅटरी मारली की तुटलेले केस दिसतात. एक केस जरी सुटलेला दिसला तरी वायर नवी टाका. डिस्क ब्रेक असेल आणि पॅड नवे असतील तर घाटाआधी सपाटीवर ताशी वीसच्या वेगावरून पंधरा-वीस वेळा दाबून ते बसवून घ्या, नाहीतर पहिल्या उतारावर ते नुसते ओरडतात, धरत नाहीत.

स्टीलची चकचकीत रिम असलेल्या साध्या सायकलींवरून घाट उतरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कोरड्या रस्त्यावर त्या कशाबशा थांबतात. धुक्याने रिम ओली झाली की रबर तिच्यावरून नुसतं सरकतं. श्रावणात हिरवा डोंगर बघायला अशी सायकल घेऊन येणाऱ्या मुलांनी चढून यावं, पण उतरताना सायकल एखाद्या गाडीत टाकावी किंवा हातात धरून पायी आणावी. त्यात कमीपणा काही नाही.

ट्यूब फुटण्याचं दुसरं कारण रिमच्या आतली पट्टी. रबरी पट्टी गरम झाली की सैल पडून बाजूला सरकते, स्पोकचं छिद्र उघडं पडतं आणि ट्यूब तिथे फुगून फुटते. कापडी पट्टी पन्नास-शंभर रुपयांत येते, ती बसवून घ्यावी. हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी भरू नका. १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा २७ अंशांना भरली आणि आतली हवा ७७ अंशांपर्यंत तापली, तर दाब ११९ च्या आसपास जातो. दहा-पंधरा पीएसआय कमीच ठेवा. पंक्चर काढलेल्या ट्यूबवर सोल्यूशन पुरतं वाळू न देता चिकटवलेला तुकडा इथेच सुटतो, म्हणून पुढच्या चाकात तरी ठिगळ नसलेली ट्यूब असावी. पंक्चर बहुधा खालीच, शेतांच्या कडेच्या पट्ट्यात होतं, बाभळीच्या काट्याने किंवा सराट्याने. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोटाने चाचपा. काट्याचं टोक बाहेरून दिसत नाही, ते आतच बसलेलं असतं.

चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना डोलणं, काढून घ्या, आणि हँडलचे छर्रेही तपासा. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे ढकलली आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वरच्या टोकाशी टकटक लागली तर घाटात न्यायची नाही. सैल हँडल ताशी चाळीसच्या पुढे थरथरायला लागतं. तसं झालंच तर हँडल आवळून धरू नका. दोन्ही गुडघ्यांनी वरचा दांडा घट्ट धरा, सीटवरचं वजन थोडं उचला आणि मागचा ब्रेक हळूच लावा, थरथर थांबते.

चढाबद्दल थोडंच. साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात, पायडलच्या एका फेऱ्यात ती सव्वापाच मीटरच्या वर जाते. ताशी आठ किलोमीटरने चढायचं तर मिनिटाला जेमतेम पंचवीस फेऱ्या होतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. पुढे ३४, मागे २८ असलेल्या रेसिंग सायकलवर त्याच वेगाला बावन्न फेऱ्या होतात, मागे ३२ असेल तर साठ. मागे ३२ दात्यांचं चक्र बसवायचं तर बहुधा लांब पिंजऱ्याचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) लागतो आणि चेनही वाढवावी लागते. चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावर एकत्र टाकून पाहा. डिरेलर तिथे ताणून उभा राहत असेल तर चेन आखूड आहे, ती भर चढात हँगर, म्हणजे डिरेलर अडकवायचा तुकडा, तोडते.

कोणत्या बाजूने जावं, याबद्दल मतं वेगळी आहेत. आम्ही सांगतो ते असं: पहाटे धामणगाव गढीकडून चढा, ऊन व्हायच्या आत घाट संपवा आणि परत घटांगकडून या. घटांगची वाट लांब आहे, त्यामुळे तीच उंची जास्त अंतरात उतरते आणि ब्रेकला मधे मधे विसावा मिळतो. मात्र चिखलदरा सोडल्यावर लगेच उतार लागेल असं समजू नका. मधले चढ पाय मोडतात, म्हणून वर सगळी ताकद संपवू नये. ही बाजू जंगलाची आहे. अस्वल आणि रानगवा इथले रहिवासी आहेत, म्हणून दिवसाउजेडीच घटांग गाठा, एकटं जाऊ नका आणि दाट झाडीत फोटोसाठी थांबू नका. सेमाडोहवरून मोठा फेरा करायचा असेल तर वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारून घ्या. अरुंद घाटात चढत्या गाडीला वाट द्यायची हा नियम उतरणाऱ्या सायकललाही लागू आहे. एसटीला वळणावर अख्खा रस्ता लागतो. ती दिसली की कडेला थांबा, तिच्या आणि कठड्याच्या मधून घुसू नका.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं पुरतं. हंगाम आंबिया बहाराच्या संत्र्यांचा असतो, खिशात दोन असावीत, पण त्यावर घाट होत नाही. संत्र्यात पाणी भरपूर असतं, साखर फार नसते. तासाला दोन केळी किंवा तेवढी गूळ-शेंगदाण्याची चिक्की खा. भूक लागण्याआधी खायचं. एकदा हातपाय थरथरायला लागले की खाल्लेलं लागू पडायला अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास नेमका उताराचा असतो. वर मोथ्याच्या गवळ्यांकडची रबडी फेरा पुरा करून मग दुसऱ्या दिवशी खावी.

लेहची स्वप्नं पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चिखलदऱ्याला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या नव्वद टक्क्यांच्या जवळपास असतो, तर मनाली-लेह वाटेवरची तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे आणि तिथे दाब निम्म्याजवळ येतो. ती विरळ हवा इथे शिकता येत नाही, तिच्यासाठी तिथेच दिवस द्यावे लागतात. पण विरळ हवेचा रेटाही कमी असतो. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्के उरते, त्यामुळे इथे ज्या उतारावर सायकल आपोआप पन्नासला स्थिरावते तशाच उतारावर तिथे ती साठीच्या पुढे जाते, आणि मागे सामानाच्या पिशव्या असतात. म्हणून इथल्या गाविलगडच्या डोंगरातल्या वळणांवर ब्रेक लावायला शिका. हे शिक्षण तिथे उपयोगी पडतं.

डिसेंबर-जानेवारीत वर अंगातला सदरा घामाने भिजलेला असतो, आणि तसंच उतरायला लागलं की पाच मिनिटांत बोटं बधिर होतात. बधिर बोटांना ब्रेक किती दाबला ते कळत नाही. हातमोजे न्या. आणि सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन पानं घाला, वारा अडतो. युरोपातल्या डोंगरी शर्यतींतले सायकलस्वार वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत.

शेवटी रस्त्याची देखभाल ज्या खात्याकडे आहे त्यांना विनंती. पावसाळ्यानंतर वळणांच्या आतल्या अंगाला बारीक खडी आणि वाळू साचते, चारचाकीला ती जाणवत नाही, सायकल मात्र तिच्यावरच पडते. ती झाडून घ्यावी. डांबराची कड आणि साईडपट्टी यांच्यात जिथे वीतभर खोली पडली आहे तिथे मुरूम भरावा. नाल्यांवरच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने असतील तर आडवे करावेत, पातळ टायर उभ्या गजांत अडकतो. गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारावेत. फावडं, झाडू आणि रंगाचा डबा यांचं हे काम आहे. दिवाळीच्या सुट्या लागण्याआधी ते व्हावं.

आपले,
परतवाडा-अचलपूर भागातील काही सायकलस्वार व सायकल मिस्त्री