मालहॅमच्या आजींना, मनापासून

आजी, सादर नमस्कार.

इंग्रजीतलं पत्र तुम्हाला आधीच पाठवलंय. हे मराठीतलं मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही त्या दिवशी आम्हा मायलेकींना जे दिलंत ते इथे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, आईवडिलांना सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेणाऱ्या बऱ्याच मराठी घरांच्या उपयोगाचं आहे. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, कारण तशी परवानगी तुम्हाला विचारलेली नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी वाट सांगते. यॉर्कशायर डेल्समधल्या मालहॅम गावातून निघायचं, शेतांमधून जॅनेट्स फॉसच्या धबधब्यापाशी जायचं, पुढे गोर्डेल स्कारची घळ बघायची, मग चढून मालहॅम कोव्ह या उंच कड्याच्या माथ्यावर आणि पायऱ्या उतरून परत गावात. साधारण आठ किलोमीटर. तरुण मंडळी तीन तासांत उरकतात. आम्ही अख्खा दिवस घेतला. आईचे गुडघे दुखरे, आणि शिवाय त्या वाटेवर पावलापावलाला थांबावंसं वाटतं. मे महिना होता. धबधब्याआधीच्या झाडीत रानलसूण पांढरी फुलली होती, सगळी राई लसणीच्या वासाने भरलेली. आईने एक पान चुरगळून हुंगलं आणि पुढचा बराच वेळ त्याची चटणी कशी होईल यावरच बोलत राहिली.

गोर्डेलच्या पुलापाशी मात्र आम्ही अडलो. नकाशात वाट सरळ पुढे दिसत होती, समोर बंद फाटक. आत मेंढ्या, कोकरं, कुणाचं तरी कुरण. परक्या देशात कुणाच्या रानात शिरायचं म्हणजे छातीत धडधडतंच. कुणी हटकलं तर काय सांगणार? आई म्हणाली, ‘चल, डांबरी रस्त्यानेच परत जाऊ.’ तेवढ्यात मागून तुम्ही आलात आणि म्हणालात, ‘फाटक उघडा, आत जा आणि मागे नीट लावून घ्या. एवढंच करायचं. ही वाट जितकी माझी तितकीच तुमची.’

खांबावरचा पिवळा बाण तुम्ही बोट ठेवून दाखवलात. पिवळा म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट. निळा असेल तर घोडेस्वार आणि सायकलवालेही. जमीन शेतकऱ्याची, पण त्यावरून चालण्याचा हक्क सगळ्यांचा, आणि तो कुणाच्या मेहेरबानीवर नाही, कायद्याने. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची नोंद नकाशांवर करायची जबाबदारी कौन्सिलांवर टाकली. त्याआधी १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या माळावर चालायला मिळावं म्हणून कामगार तरुण मनाई मोडून चढले आणि त्यांतल्या पाचजणांना तुरुंगात जावं लागलं. त्याच तारखेला, २४ एप्रिलला, १९६५ साली पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट खुली झाली, आणि तो समारंभ तुमच्या मालहॅमच्याच माळावर झाला. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. मला ते फार आवडलं. वाटेचा इतका अभिमान बाळगणारी माणसं आहेत म्हणूनच ती माझ्यापर्यंत पोचली.

त्यानंतरचा तास तुम्ही आणि आईने गाजवला. आई मूळची राजापूरकडची. दोन्ही अंगांना पसरलेल्या दगडी भिंती बघून ती थबकली आणि म्हणाली, ‘अगो, हो तर गडगो!’ गडगो म्हणजे दगडी कुंपण. आमच्या कोकणातही आंबा-काजूच्या बागांभोवती असेच चुना-सिमेंटाशिवाय दगड रचतात, फक्त तिथे जांभा असतो आणि इथे चुनखडी. तुमचे वडील हेच काम करायचे, असं तुम्ही सांगितलंत आणि ढासळलेल्या एका जागी तिला आतली रचना दाखवलीत. दोन बाजूंना दोन दर्शनी थर, वर जाताना एकमेकांकडे कललेले. मध्ये बारीक दगडांची भर, हाताने बसवलेली, नुसती ओतलेली नाही. अधूनमधून आरपार जाणारा एक लांब दगड, दोन्ही थरांना बांधून ठेवणारा. माथ्यावर उभे दगड. आईने त्या आरपार दगडावर हात ठेवला आणि मान डोलावली. तिला इंग्रजी येत नाही, तुम्हाला मराठी नाही, मी मध्ये भाषांतराला उभी. पण थोड्या वेळाने माझी गरजच उरली नाही.

कोव्हच्या माथ्यावरची चुनखडीची नैसर्गिक फरसबंदी आम्ही एकट्या असतो तर लांबूनच बघितली असती. बर्फयुगात हिमनद्यांनी माती खरवडून नेली आणि मग पावसाच्या पाण्याने दगडाच्या सांध्यांमध्ये भेगा खोल केल्या. वरून उजाड वाटतं. तुम्ही आईचा हात धरून एका भेगेपाशी वाकायला लावलंत. आत, वाऱ्यापासून आणि मेंढ्यांच्या तोंडापासून सुरक्षित, लांब जिभेसारख्या पानांची नेची तजेलदार उभी होती.

उतरताना सुमारे चारशे पायऱ्या. तुम्ही तुमची काठी आईला दिलीत आणि स्वतः तिच्या एक पायरी पुढे, आडव्या होऊन उतरत राहिलात. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली बाई माझ्या आईला सावरत होती. याबद्दल काय लिहू? खाली आल्यावर मान वर करून ऐंशी मीटरचा तो कडा बघितला. याच कड्यावर बहिरी ससाणे घरटं करतात. डिसेंबर २०१५ च्या वादळात, कुणाच्या आठवणीत कधी घडलं नव्हतं असं, पाणी त्यावरून धबधब्यासारखं कोसळलं. तुम्ही ते डोळ्यांनी बघितलंत, आणि सांगताना पुन्हा बघत होतात.

पाण्याचीही गंमत तुम्हीच उलगडलीत. वरच्या मालहॅम टार्न तळ्यातून निघालेला ओढा माळावर जमिनीत गडप होतो. कोव्हच्या पायथ्याशी जे पाणी निघतं ते त्याचंच असेल असं कुणालाही वाटावं, पण ते दुसरंच. तळ्याचं पाणी गावाच्या खाली, एअर हेड नावाच्या झऱ्यांपाशी वर येतं आणि एअर नदी होऊन माझ्या लीड्समधून वाहतं. रोज ऑफिसला जाताना मी ज्या पुलावरून जाते, त्याखालून.

त्यानंतर आम्ही दोघी नकाशावरची हिरवी तुटक रेघ शोधून पुष्कळ फिरलो. आई आता फाटक दिसलं की पुढे होते, कडी काढते, आम्ही आत आलो की लावते आणि ओढून बघते.

ती राजापूरला परत गेलीय. तिने निरोप दिलाय, तो जसाच्या तसा: ‘त्यांका सांग, मिरगाआधी येवा. आमचो गडगो दाखवतंय, नि पडलेलो भाग दोघी मिळून घालू.’ तिकिटाचं मी बघते, आजी. तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमची कृतज्ञ,
लीड्सहून एक मराठी लेक